न जिंकलेला सामना

भारतीय संघाच्या २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचा विषय निघाला, की बोलणारा बहुधा दोनच ठिकाणी थांबतो. पहिले ठिकाण ॲडलेड, जिथे १९ डिसेंबर २०२० रोजी आपला डाव ३६ धावांत आटोपला; आणि दुसरे ब्रिस्बेन, जिथे बरोबर महिन्याभराने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ऋषभ पंतने हेझलवूडला चौकार मारून मालिका २-१ अशी खिशात घातली. मधल्या दिवसांची आठवण फारशी कुणी काढत नाही, आणि काढलीच तर अजिंक्य रहाणेच्या मेलबर्नमधल्या शतकाची काढतो. मला मात्र या दौऱ्यातला सर्वांत मोलाचा दिवस कोणता असे विचारले, तर मी ११ जानेवारीचा सोमवार सांगेन. त्या दिवशी सिडनीत कोणीही जिंकले नाही. भारत ५ बाद ३३४, सामना अनिर्णित, एवढीच त्या दिवसाची नोंद आहे.

अनिर्णित सामन्याबद्दल आपल्या मनात एक सूक्ष्म तुच्छता असते. पाच दिवस खेळून निकाल नाही म्हणजे वेळ फुकट गेला, असे वाटणारा प्रेक्षक पूर्वीही होता आणि वीस षटकांच्या क्रिकेटने तर त्याची संख्या भरमसाट वाढवली. ही तुच्छता अगदीच निराधार आहे असेही नाही, कारण मेलेल्या खेळपट्टीवर दोन्ही संघांनी धावांचे डोंगर रचून हस्तांदोलन करायचे, असे कंटाळवाणे सामने मी स्वतः भरपूर पाहिले आहेत. पण परदेश दौऱ्यावरचा अनिर्णित सामना ही वेगळी चीज असते. तिथे यजमान जिंकण्याच्या बेतात असतो, खेळपट्टी त्याची, प्रेक्षक त्याचे, आणि पाहुण्यांकडे घालवण्यासारखे फक्त तास असतात. ते तास कसे घालवले यावर पुढच्या सामन्याचे भवितव्य ठरते, आणि बऱ्याचदा दौऱ्याचेही.

ॲडलेडबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या डावात आघाडी घेतलेला संघ तिसऱ्या दिवशी १ बाद ९ वरून खेळू लागला आणि पहिल्या सत्रातच डाव संपला; एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत, आणि कमिन्सचा चेंडू हातावर बसून शमी जायबंदी झाल्यामुळे नववा गडी बाद असतानाच डाव थांबवावा लागला. त्याआधीचा आपला नीचांक ४२ धावांचा होता, १९७४ साली लॉर्ड्‌सवरचा. त्या संघाचे कर्णधार होते अजित वाडेकर, म्हणजे तीनच वर्षांपूर्वी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून आल्यावर ज्यांना मुंबईने डोक्यावर घेतले होते तेच. १९७४ चा तो दौरा ३-० असा गमावल्यावर वाडेकर पुन्हा कधी भारताकडून कसोटी खेळले नाहीत. ३६ धावांच्या दुपारी मला वाटले, आता कोणाच्या तरी वाट्याला वाडेकरांचे नशीब येणार. विराट कोहली पितृत्वरजेसाठी मायदेशी परतणार हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे ते ओझे रहाणेच्या खांद्यावर आले.

रहाणेने मेलबर्नमध्ये काय केले ते सर्वांना पाठ आहे, म्हणून त्याबाबतीत एकच गोष्ट सांगतो. कोहलीची जागा भरायला फलंदाज न घेता त्याने रवींद्र जडेजाला घेतले, म्हणजे ३६ धावांत गुंडाळल्या गेलेल्या संघाने पुढच्याच सामन्यात पाच गोलंदाज खेळवले. हा निर्णय मला त्याच्या ११२ धावांइतकाच मोठा वाटतो. त्या डावात जडेजाच्या अर्धशतकासाठी घेतलेल्या एका चोरट्या धावेत रहाणे स्वतः धावबाद झाला, आणि तंबूकडे परतण्याआधी जडेजाजवळ जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. डोंबिवलीहून लोकल पकडून मुंबईच्या मैदानांवर सरावाला जाणाऱ्या या मुलाच्या अंगी ही जी आरडाओरड न करण्याची सवय आहे, तिचे मोल तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले. भारताने तो सामना आठ गड्यांनी जिंकला आणि मालिका १-१ अशी बरोबरीत आली.

सिडनीत मात्र दैव फिरले. पहिल्या डावात ऑस्ट्रेलिया ३३८, त्यात स्मिथच्या १३१. उत्तरादाखल भारत २४४, आणि त्यात आपले तीन फलंदाज धावबाद, जो प्रकार शालेय क्रिकेटमध्येही खपवून घेतला जात नाही. पंतच्या कोपरावर कमिन्सचा चेंडू बसला, जडेजाच्या अंगठ्यावर स्टार्कचा. पंतला दुसऱ्या डावात यष्टिरक्षण करता आले नाही, जडेजाला गोलंदाजी. ऑस्ट्रेलियाने ६ बाद ३१२ वर डाव सोडला तेव्हा भारतासमोर ४०७ धावांचे लक्ष्य होते आणि चौथ्या दिवसाचा उरलेला भाग व पूर्ण पाचवा दिवस खेळून काढायचा होता.

याच सामन्यात मोहम्मद सिराजला सीमारेषेजवळ प्रेक्षकांकडून वंशद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. दौरा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, संघ विलगीकरणात असताना, त्याचे वडील हैदराबादेत वारले होते आणि तो अंत्यदर्शनाला न जाता ऑस्ट्रेलियातच थांबला होता. चौथ्या दिवशी तो सीमारेषेवरून चालत कर्णधाराकडे आला, रहाणेने पंचांना सांगितले, खेळ काही मिनिटे थांबला, आणि पोलिसांनी सहा प्रेक्षकांना बाहेर काढले. हवे तर संघाने मैदान सोडावे असा पर्याय पंचांनी त्या वेळी पुढे केला होता, असे पुढे रहाणेने सांगितले. त्याचे उत्तर असे होते, की आम्ही इथे खेळायला आलो आहोत, ड्रेसिंगरूममध्ये बसायला नाही. संतापाच्या भरात मैदान सोडून जाणे त्या क्षणी अगदी समर्थनीय ठरले असते, आणि कोणी नावे ठेवली नसती. तरीही संघ तिथेच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जे घडले त्याची नांदी मला या प्रसंगात दिसते.

पाचव्या दिवशी भारतीय वेळेनुसार पहाटे पाचला खेळ सुरू झाला. भारत २ बाद ९८ होता. दुसऱ्याच षटकात रहाणे फिरकी गोलंदाज लायनच्या चेंडूवर शॉर्ट लेगला झेल देऊन गेला आणि आमच्या घरातली टीव्हीसमोरची निम्मी मंडळी पुन्हा पांघरुणात शिरली. जे जागे राहिले त्यांना पंत पाचव्या क्रमांकावर येताना दिसला. हा बदल धाडसी होता आणि हुशारीचाही, कारण नुसता बचाव करणाऱ्या संघाभोवती क्षेत्ररक्षकांचे कोंडाळे करून बसणे कर्णधाराला सोपे जाते. पंतने लायनला पुढे सरसावून मारायला सुरुवात केली तसे ते कोंडाळे पांगले. त्याने ११८ चेंडूंत ९७ केल्या. दुसऱ्या टोकाला पुजारा आपल्या नेहमीच्या धीम्या लयीत. दोघांनी १४८ जोडल्या आणि काही वेळ तर ४०७ हा आकडा खरोखरच आवाक्यातला वाटू लागला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार आणि यष्टिरक्षक टिम पेनने पंतचे दोन झेल सोडले होते, हेही इथे नमूद करायला हवे. अशा दिवसात नशिबाचा वाटा नसतो असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मग पंत शतकाच्या उंबरठ्यावर लायनच्याच चेंडूवर बाद झाला, आणि त्यानंतर हेझलवूडने २०५ चेंडू खेळून ७७ धावा केलेल्या पुजाराचा त्रिफळा उडवला. ५ बाद २७२. उरलेल्यांत जडेजा अंगठा मोडलेला, पॅड बांधून आणि इंजेक्शन घेऊन बसलेला. त्याच्यामागे सैनी, सिराज, बुमराह.

इथून पुढचे मी विस्ताराने सांगणार आहे, कारण लेखाचा विषय तोच आहे.

हनुमा विहारीची मांडीमागची शीर एक धाव घेताना ताणली गेली होती. मैदानावरच फिजिओने पट्टी बांधली, पण त्यानंतर त्याला पळणे तर दूरच, पुढचा पाय नीट टाकणेही जमेना. समोर आलेल्या रविचंद्रन अश्विनची पाठ आदल्या रात्रीपासून धरलेली होती. सकाळी त्याला ताठ उभे राहता येत नव्हते आणि वाकून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती, हे त्याच्या पत्नीने त्याच दिवशी जगाला सांगितले. ज्याला पाय पुढे टाकता येत नाही त्याने फिरकी खेळणे धोक्याचे, आणि ज्याला वाकता येत नाही त्याने वेगवान मारा खेळणे धोक्याचे. म्हणून दोघांनी वाटणी करून घेतली: लायन अश्विनने बघायचा, वेगवान गोलंदाज विहारीने. अर्थात अशी वाटणी शेवटपर्यंत पाळायची तर अधूनमधून एकेक धाव पळावी लागते, आणि पळणे तर दोघांनाही नको होते. त्यामुळे पुढे पुढे ज्याच्या वाट्याला जे षटक आले ते त्याने निमूट खेळून काढले.

विहारीचे तटवणे पाहण्यासारखे होते. चेंडू टप्पा पडून वर येईपर्यंत त्याची बॅट जागची हलत नसे, आणि मग शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडून तो चेंडू पायापाशीच मारून टाकी, जेणेकरून शॉर्ट लेगला वाकून बसलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हाती काही पोचू नये. गल्लीत याला आम्ही प्लेड करणे म्हणायचो आणि असे करणाऱ्याला दहाव्या मिनिटाला शिव्या पडायच्या. शंभर चेंडू झाले तरी त्याची धावसंख्या एक आकडीच होती. अश्विनच्या बरगड्यांवर चेंडू आदळले, छातीवर आदळले. त्याने छातीचे कवच चढवले, आणखी एकदा मार खाल्ला, पाठ वाकवून क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा पवित्र्यात आला. दोघे षटकांच्या मध्ये काहीतरी बोलत होते, अश्विन मध्येच तमिळमध्ये विहारीला सूचना देत होता आणि ते सगळे स्टंपच्या मायक्रोफोनमधून घरोघरी ऐकू येत होते.

या जोडीची एक हकिकत पुढे अश्विननेच सांगितली, आणि ती मला फार आवडते. ड्रेसिंगरूममध्ये प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी शार्दूल ठाकूरला निरोप देऊन पाठवले, की कोणी कोणता गोलंदाज खेळायचा ते दोघांना जाऊन सांग. शार्दूल धावत खेळपट्टीपर्यंत आला आणि म्हणाला, की आत पुष्कळ काही बोलताहेत, पण मी तुम्हाला काही सांगणार नाही. तुम्ही जसे खेळताय तसे खेळत राहा. एवढे बोलून तो परत गेला. निरोप्याने निरोप गिळून टाकणे ही खरे तर बेशिस्त. पण जमलेल्या लयीत बाहेरून हात घालू नये हे त्याला कळले, आणि पालघरहून लोकलने येऊन मुंबईच्या मैदानांवर दिवस काढलेल्या खेळाडूचे हे शहाणपण मला कोणत्याही डावपेचाइतकेच किमती वाटते.

चहापानानंतर पेनचा धीर सुटत चालला. त्याने यष्टीमागून अश्विनला डिवचले, की तुला ब्रिस्बेनच्या गॅबावर कधी एकदा बघतो असे झाले आहे. अश्विनने लगेच उलट सुनावले, की तू भारतात ये, ती तुझी शेवटची मालिका असेल. त्यानंतर थोड्याच वेळात स्टार्कच्या चेंडूवर विहारीच्या बॅटची कड लागली आणि पेनच्या हातून झेल निसटला. दुसऱ्या दिवशी पेनने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, हे त्याच्या सौजन्याला धरूनच झाले. खेळ थांबला तेव्हा विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३ आणि अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९ होता. दोघे तीन तासांहून अधिक वेळ एकत्र उभे होते.

त्याच दिवशी केंद्रातल्या एका मंत्र्याने, विहारीने क्रिकेटचा खून केला, अशा आशयाचे ट्वीट केले आणि त्यात त्याचे आडनाव चुकवून ‘बिहारी’ असे लिहिले. विहारीने उत्तरात फक्त आडनाव दुरुस्त करून दिले. दिवसभर जसा खेळला तसेच उत्तर दिले म्हणायचे.

हे सगळे पाहताना मला सारखा १९७१ चा किंग्स्टन कसोटी सामना आठवत होता, जो मी पाहिलेला नाही, पण ज्याच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळ ऐकले आहे. वाडेकरांच्या त्या वेस्ट इंडिज दौऱ्याची कथा सांगताना सगळे पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयाकडे आणि सुनील गावसकरांच्या ७७४ धावांकडे धाव घेतात. पण त्याआधी किंग्स्टनला पहिल्या कसोटीत, गावसकर संघात नसताना, भारत ५ बाद ७५ होता. तिथून मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी १३७ धावांची भागी केली. सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, आणि ३८७ ला उत्तर देताना वेस्ट इंडिज २१७ मध्ये कोसळले. पहिला दिवस पावसाने वाया गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जात होता, आणि चार दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला, म्हणजे समोरच्याला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवायला, दीडशेची आघाडी पुरते. वाडेकरांनी वेस्ट इंडिजचा कर्णधार सोबर्स याच्या ड्रेसिंगरूममध्ये जाऊन ही गोष्ट त्याला सांगितली. तोपर्यंत भारताने वेस्ट इंडिजला एकाही कसोटीत हरवलेले नव्हते. तो सामनाही अनिर्णित राहिला. पण सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला उतरावे लागले, आणि या पाहुण्यांना आपण गृहीत धरू शकत नाही हे त्यांना कळले. पुढच्याच कसोटीत भारत सात गड्यांनी जिंकला आणि त्या एका विजयावर मालिका आपली झाली. किंग्स्टन वजा केले तर पोर्ट ऑफ स्पेन उरते का, याबद्दल मला दाट शंका आहे.

सिडनी आणि ब्रिस्बेनच्या बाबतीत तर हा संबंध आकड्यांतच दिसतो. भारताचा तो दुसरा डाव १३१ षटके चालला. त्यांपैकी ४६ षटके एकट्या लायनने टाकली, हेझलवूड आणि कमिन्सने प्रत्येकी २६ आणि स्टार्कने २२. म्हणजे १२० षटके या चौघांनीच. हेच चौघे मालिकेतले चारही सामने खेळले. सिडनीची कसोटी ११ जानेवारीला संपली आणि गॅबाची १५ तारखेला सुरू झाली. मधल्या तीन दिवसांत विश्रांती, प्रवास आणि सराव सगळे उरकायचे होते. भारताचे तर निम्मे घर आजारी होते, त्यामुळे ब्रिस्बेनला बुमराह नाही, अश्विन नाही, जडेजा नाही, विहारी नाही. जे पाच गोलंदाज उतरले, त्या सिराज, सैनी, शार्दूल, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांच्या खाती त्याआधी मिळून चार कसोटी आणि ११ बळी होते. नटराजन आणि सुंदर यांची तर ती पहिलीच कसोटी. शार्दूलची एकमेव आधीची कसोटी २०१८ मधली, आणि तीत दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला होता. पण यांतले शार्दूल, नटराजन आणि सुंदर हे तिघे ताजे होते, आणि समोरच्या चौघांच्या पायांत सिडनीची १२० षटके होती.

पहिल्या डावात ६ बाद १८६ वरून सुंदर आणि शार्दूल यांनी १२३ धावा जोडल्या. शार्दूलने आपल्या खात्याची सुरुवातच कमिन्सला हुक करून षटकाराने केली आणि अर्धशतकही लायनला षटकार मारून पूर्ण केले. शेवटच्या दिवशी ३२८ चे लक्ष्य गाठताना पुजाराने २११ चेंडू खेळून ५६ केल्या आणि अंगाखांद्यावर, हेल्मेटवर, बोटांवर असंख्य मार झेलले. त्याच्या आडोशाने आधी शुभमन गिलने ९१ आणि मग पंतने नाबाद ८९ केल्या. कमिन्सने त्या दिवशीही जीव तोडून चार बळी घेतले, त्याला दाद द्यायलाच हवी. पण स्टार्कने १६ षटकांत ७५ धावा दिल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. लायनची ती शंभरावी कसोटी होती आणि तो ३९९ बळींवर अडकून राहिला. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया गॅबावर हरली नव्हती. त्या दिवशीचा विजय भव्य होताच, आणि मीही इतरांप्रमाणे घरात ओरडलो होतो. पण पंत ज्या गोलंदाजांना मारत होता ते आठवडाभर आधी एका लंगड्या आणि एका कंबर धरलेल्या माणसाने दमवलेले गोलंदाज होते, हे त्या गडबडीत फारसे कोणी बोलले नाही. विजयानंतर रहाणेने चषक नटराजनच्या हाती दिला, जो दौऱ्यावर नेट गोलंदाज म्हणून आला होता. या संपूर्ण मालिकेत भारताने २० खेळाडू वापरले.

पेनने ज्या गॅबाची धमकी दिली होती तिथे अश्विन त्या वेळी खेळलाच नाही, आणि पेनची मात्र तीच शेवटची कसोटी ठरली. अश्विनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली तीही ब्रिस्बेनमध्येच. रहाणेकडून वर्षभरात उपकर्णधारपद गेले आणि पाठोपाठ संघातली जागाही. २०२३ च्या कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यात तो परतला तेव्हा सर्वांना पुन्हा मेलबर्न आठवले. विहारीच्या वाट्याला सिडनीनंतर वर्षभर एकही कसोटी आली नाही. नंतर मोजके काही सामने मिळाले, आणि २०२२ च्या जुलैमधल्या एजबॅस्टन कसोटीनंतर निवड समितीने त्याचा विचारच केला नाही. हा त्याच्यावर अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे, जरी त्याच्या धावांचे आकडे माझ्या बाजूने फारसे बोलत नसले तरी. २०२३ च्या सुरुवातीला इंदूरला मध्य प्रदेशाविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात त्याचे मनगट मोडले, तेव्हा हा उजखुरा फलंदाज दोन्ही डावांत शेवटच्या टप्प्यावर डावखुरा पवित्रा घेऊन, बहुतेक वेळ एकाच हाताने बॅट धरून खेळला. आंध्र तो सामना पाच गड्यांनी हरला.